दिवस जायच्या आधीचे दिवस

ही गोष्ट होऊन आता बराच काळ झाला, पण डोक्यातून जात नाही. संध्याकाळची वेळ होती, ऑफिसमधून येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शिरले आणि फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मागितल्या. दुकानदार ओळखीचा, वयस्कर, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा माणूस. पट्टी काढता काढता त्याने सहज विचारलं, "कितवा चालूये ताई?" मी म्हटलं, "अजून काही नाहीये, आधीच सुरू करायच्यात." त्याचा हात तिथेच थांबला. "मग आत्ता कशाला? राहिल्यावर डॉक्टर देतातच की." शेजारी एक काकू खोकल्याच्या औषधासाठी उभ्या होत्या, त्यांनी वळून बघितलं, "नवीन लग्न का गं?" मी नाही म्हटल्यावर "अस्सं" म्हणाल्या आणि माझ्या दंडावर हात ठेवला. त्या हाताला बामचा वास होता. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं हे मला कळत होतं, तरी घरी येईपर्यंत तो हात दंडावरच आहे असं वाटत राहिलं.

पण मला जास्त लागलं ते दुकानदाराचं आश्चर्य. या माणसाने आयुष्यभर गोळ्या विकल्यात, किती बायांना बाळंतपणाची औषधं दिली असतील, आणि तरी दिवस जायच्या आधी ही गोळी मागायला आलेली बाई त्याला नवलाची वाटली. आणि खरं तर ही गोळी आधीच घ्यायची असते. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात, कित्येक जणींनी तर तोवर टेस्टही केलेली नसते. मग डॉक्टरकडे नाव घालून गोळ्या सुरू होईपर्यंत ज्या कामासाठी ती गोळी असते ते काम उरकून गेलेलं असतं. रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून. शुगर असेल, फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर डोस जास्त लागू शकतो तो डॉक्टरांना विचारायचा. इतकी साधी, इतकी स्वस्त गोष्ट. पण मला लग्नानंतर शेकड्याने सल्ले मिळाले त्यात ही एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती.

सल्ले कसले मिळाले ते सांगते. सासर साताऱ्याकडचं, माणसं प्रेमळ आणि घर भरलेलं, त्यामुळे सल्ले पण भरपूर. पपई खायची नाही, ती गरम असते. तीळगूळ संक्रांतीपुरता, नंतर नको. अननस तर अजिबात नको, पडतं त्याने. आणि गंमत अशी की त्याच सुमारास पुण्यातली एक मैत्रीण मला सांगत होती की अननसाचा मधला कडक दांडा चावून खा, गर्भ रुजायला मदत होते, परदेशात सगळ्या करतात. एकच फळ, एका ठिकाणी पाडणारं आणि दुसऱ्या ठिकाणी रुजवणारं, आणि दोन्ही बाजूंना तेवढीच खात्री. मी एका दुपारी किचनच्या ओट्यापाशी चिरलेला अननस घेऊन उभी होते, घरभर त्याचा आंबटगोड वास सुटलेला, आणि मला खायची जाम इच्छा होती पण फोड तोंडाशी नेली की दोन्हीकडच्या बायका डोळ्यासमोर यायच्या. पुढे डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, फळ म्हणून खा, औषध म्हणून नको आणि विष म्हणूनही नको. पिकलेल्या पपईचंही तेच. तरी मी पपई खाल्ली नाही. कळतं सगळं, पण उद्या काही झालं तर तो एक घास आठवत राहील ना, त्या भीतीने नाही खाल्ली, आणि अशी भीती वाटणाऱ्या बाईला मी कधीच अडाणी म्हणणार नाही.

मग झोपायचे सल्ले. नंतर कमरेखाली उशी घे, पाय भिंतीला वर लाव, लगेच उठू नकोस, लगेच लघवीला जाऊ नकोस, डाव्या कुशीवर पड. चुलत सासूबाईंनी तर मला कोपऱ्यात नेऊन, आवाज बारीक करून, हाताने दाखवून सांगितलं. बाहेर जे पडताना दिसतं ते बघून बायकांचा जीव जातो, वाटतं सगळं वाया गेलं. पण ज्या शुक्राणूंना पुढे जायचं असतं ते काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडातून आत गेलेले असतात, बाहेर येतो तो उरलेला द्रव. पाय वर करून पडण्याने फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि उठून बाथरूमला गेल्याने तोटाही होत नाही. उलट लघवीला जाऊन यावं, इन्फेक्शनचा त्रास कमी होतो. सम तारखेला मुलगा आणि विषम तारखेला मुलगी, हे तर आपल्याकडे इतकं मुरलेलंय की २०२० मध्ये ते कीर्तनात बोललं गेलं म्हणून केवढा गदारोळ झाला. मुलगा की मुलगी हे पुरुषाकडून येणारा शुक्राणू एक्स आहे की वाय एवढ्यावर ठरतं, तारखेला त्यात काही करता येत नाही.

खरा घोळ असतो तो दिवस मोजण्याचा.

"चौदावा दिवस धरायचा" हे मला किमान पाच-सहा जणींनी सांगितलं असेल. आता हा चौदावा दिवस कुठून मोजायचा यावरच एकमत नाही. आमच्या गावाकडे अजून काही घरांत पाळी संपून डोक्यावरून आंघोळ केली की तिथून दिवस धरतात. म्हणजे मोजणीच चार-पाच दिवस पुढे सरकते आणि बिचारीचे नेमके दिवस हुकून जातात. रक्तस्राव ज्या दिवशी सुरू होतो तो पहिला दिवस, आंघोळीचा नव्हे. आणि अंडं फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, त्यामुळे चौदावा दिवस ज्यांची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते त्यांच्यापुरता, तोही अंदाजाने. पस्तीस दिवसांची पाळी असेल तर तो दिवस एकविसाव्याच्या आसपास येतो. पीसीओडी, म्हणजे अंडं वेळच्या वेळी न फुटण्याचा त्रास, असेल तर कधी येईल, येईल की नाही, काहीच सांगता येत नाही. बाहेर आलेलं अंडं जेमतेम बारा ते चोवीस तास जगतं, पण शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, म्हणून अंडं फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस धरून सहा दिवस महत्त्वाचे. नंतरचे नाही. आधीचे. हे कळल्यावर मी खूप वेळ गप्प बसून राहिले होते, कारण आम्हाला सगळ्यांनी नंतरचंच सांगितलं होतं. दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील तर खरं तर काही मोजायची गरजच पडत नाही, पण नवरा-बायको वेगवेगळ्या गावांत नोकरी करणारे, एक जण नाइट शिफ्टवाला, अशांना मोजावंच लागतं.

आणि एक गोष्ट लिहिताना मला अजून वाईट वाटतं. अंडं फुटायच्या आधी दोन-चार दिवस अंगावरून जे पांढरं जातं ना, पातळ, पारदर्शक, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, बोटांत धरलं तर तार धरणारं, ती शरीराने आपणहून दिलेली खूण असते की हेच ते दिवस. मशीन नको, ॲप नको, स्ट्रिप नको. पण आपल्याकडे पांढरं जाणं म्हटलं की आजार. कंबर दुखते, ताकद जाते, हाडं झिजतात. मी शाळेत असल्यापासून हेच ऐकत आलेय. किती बायकांनी त्या नेमक्या दिवसांत औषधं घेतली असतील, स्वतःला रोगट समजून नवऱ्यापासून लांब झोपल्या असतील. वास येत असेल, खाज असेल, दह्यासारखं किंवा हिरवट पिवळं जात असेल तर नक्की दाखवावं, ते इन्फेक्शन असतं. पण हे वेगळं आणि ते वेगळं एवढं तरी आईने मुलीला सांगायला हवं होतं. आईला कुणी सांगितलंच नव्हतं तर ती काय सांगणार.

आता इतके सल्ले चुकीचे असूनही टिकतात कसे, यावर मी खूप विचार केलाय. रात्री झोप लागायची नाही तेव्हा दुसरं काय करणार. डॉक्टर सांगतात की तरुण, धडधाकट जोडप्याला एका महिन्यात दिवस जायची शक्यता साधारण वीस ते पंचवीस टक्के. म्हणजे सगळं बरोबर असूनही बहुतेक महिने रिकामेच जातात. पण अशी शंभर जोडपी घेतली तर वर्षभरात ऐंशी ते पंचाऐंशी जोडप्यांना दिवस जातात, काहीही खास न करता. आता या शंभर जणींनी शंभर वेगवेगळे उपाय केले असं धरा. कुणी शतावरी कल्प घेतला, कुणी फलघृत, कुणी शिवलिंगीचं बी गाईच्या दुधातून, कुणी पिंपळाला प्रदक्षिणा, कुणी गुरुचरित्राचं पारायण, कुणी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी, कुणी डॉक्टरकडून पिशवी धुऊन घेतली. वर्षाच्या शेवटी ऐंशीच्या वर उपाय लागू पडलेले दिसणार! आणि त्या ऐंशी जणी पुढे आयुष्यभर दुसरीला कळकळीने सांगणार, अगं मी हे केलं आणि राहिलं. खोटं कुणीच बोलत नाही. उरलेल्या पंधरा-वीस जणींनीही तेच सगळं केलेलं असतं, पण हळदीकुंकवाला त्यांना विचारतं कोण, की बाई गं, तू काय काय केलंस आणि काय काय झालं नाही.

आमच्या आत्याला कुणी विचारलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. हाताला प्रचंड चव, धपाट्यांना लसणाचा असा वास यायचा की आम्ही पोरं अंगणातून पळत यायचो. तिला मूल झालं नाही. तिने काय काय केलं त्याची यादी मला लहानपणी तुकड्यातुकड्यात कळत गेली. औदुंबराला फेऱ्या, सोळा सोमवार, जेजुरीला नवस, कुणा वैद्याचं कडू तूप जे ती नाक दाबून गिळायची आणि त्याचा खवट वास दिवसभर तोंडाला राहायचा, दोन वेळा क्युरेटिंग, म्हणजे तेच पिशवी धुणं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला प्रत्येक वेळी तपासलं. आतोबांना एकदाही नाही. मग घरच्यांनी आतोबांचं दुसरं लग्न लावलं, तशी तेव्हा पद्धतच होती, कायदा काही म्हणो, आणि आत्यानेच त्या लग्नात पुरणाचा घाट सांभाळला. दुसरीलाही मूल झालं नाही. दोन बायका, दोघींची कूस उजवली नाही, आणि तरी त्या घरात कुणाच्या तोंडून हे निघालं नाही की एकदा माणसाला तपासा. म्हणाले घराण्याला शाप आहे, सर्पदोष आहे. म्हणजे साप चालला, मेलेले पूर्वज चालले, पण जिवंत आतोबा नाही चालले.

डोहाळजेवणाला आत्या कायम स्वयंपाकघरात असायची. कुणी तिला जा म्हणायचं नाही, पण ओटी भरायची वेळ झाली की ती आपणहून आत जाऊन मसालेभाताखाली जाळ कमी-जास्त करत बसायची. बाहेर हिरव्या बांगड्यांचा आवाज, फुलांचे दागिने, झोपाळ्यावर बसलेली पोटुशी पोर, गाणी चाललेली, आणि आत ही. मी तिच्यापाशी बसून खोबरं खवायचे. तिचा चेहरा कधी रडवेला नसायचा, तेच मला तेव्हा समजायचं नाही. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने केलेल्या टेस्ट ट्यूब बेबीची, हर्षा चावडाची बातमी आली तेव्हा तो पेपर आत्याने पाहिला होता. मुन्सिपाल्टीचं हॉस्पिटल, म्हणजे आपल्यासारख्यांनाही जाता येईल, असं तिच्या मनात आलं. तिने आतोबांना विचारलं. ते म्हणाले, आपल्यात कुणाला काही झालेलं नाही. एवढंच. हे तिने मला फार नंतर सांगितलं, मी स्वतः या सगळ्यातून जात होते तेव्हा.

आणि तेव्हाच तिने मला एकमेव सल्ला दिला. बाकी बायका पपईबद्दल बोलत होत्या, ही म्हणाली, "हे बघ पोरी, तू एकटी दवाखान्यात जाऊ नकोस. पहिल्या दिवसापासनं त्याला संगं घेऊन जा. आन् आधी त्याचं तपास."

किती सोपं आहे ते, खरंच. ज्या जोडप्यांना मूल राहत नाही त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये कारणाचा काही ना काही भाग पुरुषाकडे असतो. बाईच्या तपासण्यांत रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्सरे, तो एक्सरे काढताना पोटात येणारी कळ मी विसरणार नाही, कधी दुर्बीण. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे एक डबी. काही शे रुपये, सुई नाही, भूल नाही. तरी ती सगळ्यात शेवटी होते. आमच्याकडेही नवऱ्याला सांगितल्यावर तो काही बोलला नाही, दोन दिवस नुसता मोबाइल बघत होता. त्याला नकार द्यायचा नव्हता, भीती होती, आणि ती भीती कुणाजवळ बोलायची हे त्याला माहीतच नव्हतं. मला आत्यासारख्या निदान चार बायका तरी होत्या सल्ले द्यायला, त्याला एक माणूस नव्हता. लॅबमध्ये रिसेप्शनवरच्या मुलीने भर लोकांत मोठ्याने विचारलं, "सीमेन का?" आणि हातात डबी दिली, आणि ज्या खोलीकडे बोट दाखवलं ती साधी बाथरूम होती, फिनाइलच्या वासाची, बाहेर कुणीतरी दार वाजवतंय. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्याचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. पुरुष तयार होत नाहीत असं आपण म्हणतो, ते खरंही आहे, पण त्या बाथरूममध्ये जाऊन यायला काय लागतं हेही कुणीतरी लिहायला हवं.

त्या तपासणीबद्दल जे कळलं ते इथे सांगून टाकते, कारण पुरुष हे कुणाला विचारत नाहीत. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज तंबाखू सोडली, दारू कमी केली, तर त्याचा हिशेब रिपोर्टात दिसायला अडीच-तीन महिने जाऊ द्यावे लागतात. मोठा ताप येऊन गेला असेल तरी तेवढे दिवस रिपोर्ट खराब दिसू शकतो, म्हणून एका रिपोर्टवरून काही ठरवायचं नाही, काही आठवड्यांनी परत करायचा. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे एका मिलीलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरतात, पण त्याच्या खाली असलेल्यांनाही मुलं होतात, आणि ताकदीशी, मर्दपणाशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नसतो. वयात आल्यावर गालफुगी झाली असेल तर त्याचा परिणाम अंडकोशांवर झालेला असू शकतो, ते डॉक्टरांना सांगायचं. भट्टीपाशी, उष्णतेत काम असेल तर तेही. आणि जिममध्ये बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणारी पोरं आजकाल गावोगाव आहेत, त्यांना कुणीच सांगत नाही की त्याने शरीरातलं शुक्राणूंचं काम बंद पडू शकतं. दिसायला पहिलवान आणि रिपोर्ट शून्य, असं होतं.

सगळ्यात जास्त कुठल्या सल्ल्याने दुखलं असेल तर "टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल." शिकलेली माणसंच हा जास्त देतात. त्याच्या जोडीला एक गोष्ट असतेच, अमक्यांनी दत्तक घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यांना स्वतःचं झालं. झालं असेल. पण दत्तक घेऊनही ज्यांना पुढे झालं नाही त्यांची गोष्ट कोण कुणाला सांगतं, आणि दत्तक घेतलेलं लेकरू काय टेन्शन घालवायचं औषध आहे का, मला हे ऐकून फार राग येतो. आणि त्या सल्ल्यात एक आरोप दडलेला असतो, की तुझ्या मनामुळे अडलंय. नळ्या बंद असतील तर त्या मनाने बंद झालेल्या नसतात. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी हे मोठं कारण आहे, खोकला नाही, ताप नाही, गुपचूप होतो, कळतच नाही, आणि तिला आपले सगळे सांगतायत फिरायला जा, मोकळी राहा. मोकळं राहून टीबी बरा होत नाही.

देवाचं मात्र मला वेगळं वाटतं, आणि ते नीट सांगता येईल का माहीत नाही. सासूबाईंनी नवस बोलला तेव्हा मी विरोध केला नाही. त्यांच्याबरोबर तुळजापूरला गेले, पायऱ्या उतरताना दगड तापलेले, कुंकवाचा आणि नारळाच्या पाण्याचा वास, रांगेत माझ्यापुढे एक बाई लाकडाचा छोटा पाळणा हातात घेऊन उभी होती आणि तिचे ओठ सारखे हलत होते. गाभाऱ्यापाशी आल्यावर मी काही मागितलं नाही, मागायचं सुचलंच नाही, पण रडले मात्र भरपूर, आणि घरात इतके दिवस मला कुणाला न सांगता असं रडायला जागाच मिळाली नव्हती. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "मला पण पाच वर्षं झालं नव्हतं, तुला सांगितलं नाही कधी." मी तिथे जाऊन आले याचं मला बरं वाटतं. फक्त नवसाच्या नावाखाली दवाखाना लांबू नये. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर दाखवायचं, आणि बाईचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, पाळी अगदीच अनियमित असेल तर तेवढंही थांबायचं नाही. देवीला काही ती तारीख मोडायची नसते.

दवाखान्यातही डोळे उघडे ठेवावे लागतात, तिथेही भीती घालणारे भेटतात. रक्ताच्या तपासणीत एएमएच कमी आलं की "अंडी संपत आली" असं सांगून थेट आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, पॅकेजवर बोट. तो आकडा अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देतो, आयव्हीएफ करायचं ठरलं तर इंजेक्शनांनी किती अंडी मिळतील ते ठरवायला उपयोगी पडतो, पण या महिन्यात आपणहून दिवस जातील की नाही ते तो सांगू शकत नाही. २०२१ च्या कायद्यानंतर अशा प्रत्येक सेंटरला नोंदणी बंधनकारक आहे, ती विचारायची, लाजायचं नाही. खर्च लेखी मागायचा. आणि एवढ्या सगळ्यात हे लक्षात ठेवायचं की आपण एकटे नाही, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की जगात साधारण दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहा माणसं मावतात. मला ते वाचल्यापासून लिफ्टमध्ये चढलं की सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघावंसं वाटतं.

मागच्या महिन्यात धाकट्या जाऊबाईचा फोन आला. लग्नाला दीड वर्ष झालंय, तिला आता विचारायला लागलेत, काही विशेष आहे का म्हणून. आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग एकदम, "वहिनी, तुम्ही काय काय केलं होतं हो? आणि तुम्हाला कशाने..." पुढचं बोलली नाही. तुमच्याही मनात तो प्रश्न असेल, इथवर वाचलंत तर असणारच. मी तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगते, आमचं शेवटी काय झालं ते मी या लेखात मुद्दाम लिहिलेलं नाही. झालं असं लिहिलं तर लोक शोधतील कशाने झालं, आणि मी फोलिकची गोळी म्हटलं काय किंवा तुळजापूर म्हटलं काय, तो आणखी एक उपाय होऊन फिरायला लागेल. नाही झालं असं लिहिलं तर म्हणतील, बघा, एवढं डॉक्टर-डॉक्टर केलं आणि काय मिळालं. दोन्हीत माझ्या एकटीच्या गोष्टीवरून दुसरीचं काहीच ठरत नाही. जाऊबाई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं मग यांचीच तपासणी आधी करून घेते. त्याला उपाशीपोटी जावं लागतं का?" म्हटलं, नाही गं, खाऊन जाऊ दे. फक्त आधी दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा, आणि घरून डबी नेणार असाल तर तासाभरात लॅबला पोचली पाहिजे, शर्टाच्या आत अंगाशी धरून न्यायची, थंडीत उघडी नको. आणि तू पण सोबत जा.